सगळ्या तारा एका पकडीत

माझा भाऊ चिखल्याच्या खाणीत वायरमन होता. जमिनीखाली केबलचा जोड उघडताना शॉक लागून गेला. तिसऱ्याच दिवशी त्याचा इंजिनिअर क्वार्टरवर आला आणि आईसमोर बसून म्हणाला, "जोड उघडण्याआधी मी स्वतः तपासलं होतं. लाईन बंद होती. नंतर त्यानंच काही घाई केली असेल."

साक्षीदार आणावा तसा त्यानं विजेचा प्रवाह मोजायचा टाँग टेस्टर सोबत आणला होता. वर खेकड्याच्या नांगीसारखी पकड, खाली काटा. तार कापायची नाही, सोलायची नाही. नुसती पकडीत घेतली की तिच्यातल्या प्रवाहाभोवतीच्या चुंबकत्वानं काटा हलतो. हे तो नीट सांगत होता. मी तुमसरला शाळेत विज्ञान शिकवत होते. ऐकून घेतलं.

"केबलला कसा लावला होता?"

"असाच. पूर्ण केबलला."

माझं डोकं तापलं. कोपऱ्यात चहाचं पाणी ठेवलेल्या हीटरची कॉइल लाल झाली होती. मी म्हटलं, "त्या हीटरच्या वायरला लावा."

त्यानं लावला. काटा जागचा हलला नाही.

आईशेजारी बसलेले माझे मामा पुढे सरकले. "बंद हाय ना साहेब? मंग लावा कॉइलले हात. काहून थांबले?"

त्यानं हात मागे घेतला.

केबल काय, हीटरची वायर काय, आतल्या जाणाऱ्या आणि परतणाऱ्या तारा एकाच पकडीत आल्या की त्यांचं चुंबकत्व एकमेकांना खोडून टाकतं. पकडीत एकच तार हवी. शिवाय प्रवाह नसला तरी तारेत व्होल्टेज असू शकतं, आणि हात लागला की शॉक बसतो. ते बघायला टेस्टरच्या दोन पिना तारांना टेकवाव्या लागतात. त्याच्या पिना अजून नव्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या होत्या! हे सगळं मी ओरडून सांगितलं. वर्गातही मी कधी ओरडले नव्हते.

आईला त्यातलं काही कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे माह्या पोराची चूक नव्हती ना, साहेब?"

तो खाली बघत म्हणाला, "नाही, आई."

पुढे चौकशीत त्यानं भावाचाच निष्काळजीपणा सांगितला आणि तोच मान्य झाला. मला किंवा मामांना कुणी बोलावलं नाही. आई मात्र शेजारणींना सांगत राहिली, साहेब भला माणूस, स्वतः घरी येऊन पोराची चूक नव्हती म्हणून गेले. चौकशीचं मी तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. माझं ते गप्प राहणंही त्या माणसाच्याच पथ्यावर पडलं.