सरांच्या निरोपाचा रविवार

पेणच्या आमच्या सिनेगॉगमध्ये दर रविवारी मुलांची हिब्रूची शाळा भरायची. शाळा म्हणजे मागच्या बाजूची एक खोली, दोन सतरंज्या, एक फळा आणि आमचे सर. सर साठी उलटलेले, काटक. मोठ्या मुलांना ते लांब प्रार्थना शिकवत आणि लहानांना मी अक्षरं आणि शेमा, म्हणजे आमची रोजची पहिली प्रार्थना. पेणची मुलं चालत येत, रोह्याची एसटीनं. दोन्हीकडची मिळून एक वर्ग जेमतेम भरायचा, कारण दरवर्षी एखादं घर इस्राएलला जायचं.

त्या वर्षी सरांचीच पाळी आली. मुलगा तिकडे स्थिरावला होता, त्यानं आईवडिलांना बोलावून घेतलं. जाण्याआधीच्या रविवारी आम्ही निरोपाचा मलिदा ठरवला, म्हणजे गोड पोहे आणि फळं मांडून आशीर्वाद म्हणायचा आमचा विधी. त्याच दिवशी रोह्याच्या चौघीजणींचाही मान करायचा होता. इतकी वर्षं दर रविवारी मुलांना घेऊन यायच्या त्या, जेवूही त्याच घालायच्या. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आणि एक पैसाही न घेता. त्यांतली सगळ्यांत मोठी माझी सासू. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे पेणला राहत होते, सासूबाई रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातल्या घरी. माझी सहा वर्षांची लेक शुक्रवारपासून त्यांच्याकडेच होती. त्या दिवशी भांडीकुंडी बरोबर म्हणून सगळी मंडळी सासूबाईंच्या शेजारच्या चाचांच्या टेंपोनं येणार होती. चाचांचा टेंपो निळा.

सकाळी मी मलिद्याचे पोहे भिजवून ठेवले, नारळ खवला. पेणची मुलं आली, सर आणि सरांच्या पत्नी, आमच्या बाई, आल्या. रोह्याची मंडळी काही आली नाहीत. रस्ता खराब, होईल उशीर, असं आम्ही म्हणत राहिलो.

तेवढ्यात समोरच्या घरातला मुलगा सायकलवरून उतरला. तो डोलवीच्या कंपनीत होता, रात्रपाळी करून येत होता. आमच्या दाराशी गर्दी बघून तो थांबला.

"वयनी, तुमची माणसं रोह्यास्नं यायची हायत का?"

"हो. का रे?"

"काय नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "डोलवीच्या पुढं टेंपो उलटलाय. रस्ता बंद हाय. म्हणून मलाबी उशीर झाला."

"कसला टेंपो?"

"निळा. बायका-पोरं व्हती आत."

हातातली परात मी खाली ठेवली की सरांच्या बाईंनी घेतली, आठवत नाही.  मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथकडे धावले. अष्टमीच्या किराणा दुकानात फोन लावला, दुकानदार आमच्या ओळखीचे. त्यांनी आवाज ओळखला आणि हसत म्हणाले, "अगो, ते कवाचे निघाले. पोहोचले पण असतील." मी फोन ठेवला.

परत आले तर सर स्कूटर काढून उभे होते. अंगावर निरोपासाठी घातलेला पांढरा सदरा. ते बाईंना म्हणाले, "मुलांना बसवून ठेव. शेमा म्हणायला लाव, मोठ्यानं म्हणू देत." मग मला म्हणाले, "बस मागे."

सरांची स्कूटर जुनी होती, चढावर दम टाकायची. वडखळ मागे पडलं. मागून मुलांचा आवाज कधीच ऐकू येईनासा झाला होता, तरी मी मनात शेमाच म्हणत होते. पण पहिल्या ओळीपुढे जीभ जाईना. ज्या ओळी मी स्वतः मुलांकडून घोकून घेत असे, त्यांतली एकही आठवेना. मग मी नुसतं एलियाहू हन्नाबीचं, आमच्या संकटात धावणाऱ्या संदेष्ट्याचं, नाव घेत राहिले.

डोलवीच्या अलीकडेच ट्रकांची रांग लागली होती. सरांनी स्कूटर एका टपरीशी लावली आणि आम्ही ट्रकांच्या कडेनं चालत सुटलो. ड्रायव्हर खाली उतरून बिड्या ओढत बसले होते. त्यांना विचारायचं धाडस मला झालं नाही. सरांनी विचारलं. एकानं पुढे बोट दाखवलं.

पुढे रस्त्याच्या कडेला तो टेंपो आडवा पडलेला दिसला. निळाच. काचांचा चुरा, चपला विखुरलेल्या. त्यांत एक लहान सँडल होतं. मी मटकन खाली बसले. माझ्या लेकीच्या पायात काय होतं ते मला आठवेना. आई असून आठवेना.

सर टेंपोच्या पुढच्या बाजूला गेले आणि ओरडले, "अगं, ऊठ! हा नाही आपला! झेंडूचं तोरण आहे याला, लग्नाची गाडी आहे!"

मी उठून बघितलं. खरंच, चाचांच्या टेंपोच्या टपावर लोखंडी जाळी होती, याला नव्हती. पण सुटका झाल्यासारखं वाटेना. मग आमचा टेंपो कुठे होता? याच रस्त्यावर, याच वेळी असायला हवा होता.

तिथं एक पोलीस उभा होता. सरांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मागून एक टेंपो आला होता. त्यातल्या बायांनीच जखमी उचलले आणि नागोठण्याच्या दवाखान्यात नेले."

"त्यात लहान मुलगी होती का?" मी विचारलं.

"मुली होत्या, ताई. कुठली कुणाची, ते नाय सांगता येत."

म्हणजे लेक त्या टेंपोत होती की तिचाही टेंपो कुठे आपटला होता, तेही कळेना. नागोठण्याकडे तोंड करून एक रिकामी रिक्षा उभी होती. तिच्यात बसलो. त्या रस्त्याइतका लांब रस्ता मी पुन्हा पाहिला नाही.

दवाखान्याच्या आवारात चाचांचा टेंपो उभा होता. पायरीवर माझी लेक, शेजारी वालाच्या बिरड्याचं भलंमोठं पातेलं. तिच्या फ्रॉकला पुढून रक्त लागलं होतं. मी तिला उचललं, उलटसुलट करून बघितलं, केसांत हात घालून बघितला.

"माझं नाय," ती म्हणाली. "एका बाळाचं हाय. आजीनं मला धरायला दिलेलं. तू पातेल्याला लाथ मारू नकोस."

आतून सासूबाई आल्या. लुगडं ओच्यापासून लाल. मी हुंदके देऊ लागले तशा त्या खेकसल्या, "अगो, रडतेस काय? पोरगी उभी हाय ना तुझ्यापुढं? आत जा, त्या म्हातारीला पाणी दे." मग सरांना बघून ओशाळल्या. "तुमच्यासाठी आणलेली शाल एकाला पांघरलीय, सर. आता कशी मागू परत?"

मलिद्यासाठी आणलेली पांढरी चादर फाडून त्यांनी पट्ट्या केल्या होत्या. चौघीजणींपैकी एकीनंही कधी जखम बांधली नव्हती. एकजण नंतर म्हणाली की तिला गाठच मारता येईना, मग चाचांनी मारली गाठ. लग्नाच्या वऱ्हाडातला एक माणूस तिथंच गेला. बाकीचे वाचले, बाळही.

सर्व आवरून आम्ही चाचांच्या टेंपोतून निघालो. सर माझ्या बाजूला फळीवर बसले होते. डोलवीला स्कूटर घ्यायची होती. टेंपो जरा जोरात गेला की त्यांचा हात फळी घट्ट धरायचा. मध्येच ते हळू म्हणाले, "कुणाला सांगू नकोस. मला तिकडे जायची फार भीती वाटते. भाषा पुस्तकातली येते, बाजारातली नाही. या वयात हरवलो तर कुणाला विचारू?"

मी म्हटलं, "मलाही भीती वाटते, सर. तुम्ही गेल्यावर वर्ग मी कसा चालवू?"

ते माझ्या मांडीवर झोपलेल्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.

पेणला पोहोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मुलं भुकेली, घसे बसलेले, पण एकही घरी गेलं नव्हतं. आधी सगळ्यांना बिरडं वाढलं. मग मलिदा झाला. सर आणि बाई यांच्यासाठी पुढे दोन खुर्च्या मांडल्या होत्या. सर त्यांत बसेचनात. त्यांनी आणखी दोन खुर्च्या आणवल्या आणि चौघींना बसायला सांगितलं. त्या तशाच डागांच्या लुगड्यांत भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

"आमी काय केलं?" सासूबाई म्हणाल्या. "रस्त्यात माणसं पडलेली, ती उचलली."

"मग बसा आता," सर म्हणाले, "दमला असाल."

तेव्हा बसल्या. सरांनी फळांवर आशीर्वाद म्हटला आणि मलिद्याची पहिली मूठ स्वतः चौघींच्या हातांवर घातली. मग पाठवणीचं बोलायला उभे राहिले, पण मुलांची नावं घेता घेता तिसऱ्याच नावाला त्यांचा आवाज गेला. बाईंनी त्यांना खाली बसवलं.

सर त्याच आठवड्यात गेले. पुढच्या रविवारी सासूबाई आणि बाकीच्या तिघी मुलांना, आणि पुन्हा अष्टमीला राहायला गेलेल्या माझ्या लेकीला, घेऊन एसटीनं आल्या. मी स्टँडवर बस येईपर्यंत उभी होते, आणि बस दिसली तरी लेक खाली उतरेपर्यंत जागची हलले नाही. त्यानंतर किती रविवार गेले, पण ते स्टँडवरचं उभं राहणं तसंच राहिलं. त्या पहिल्या रविवारी वर्गात गेल्यावर मी फळ्यावर पहिलं अक्षर काढलं. मागून एका मुलानं विचारलं, "टीचर, वाकडं का काढलंय?" मी ते पुसलं आणि पुन्हा काढलं.