‘हिला’ म्हणजे मेमरीला, चिटणीस!

मंडळी, आज दुपारी पिपलानीत आपल्या मराठी मंडळात जे झालं, ते गिळवत नाही.

माझ्या चौथीच्या बाई, वय नव्वद, शाळेतल्या कविता चालीवर म्हणत होत्या. मी रेकॉर्ड करत होतो. डोळे मिटले की सारवलेला वर्ग, घंटा, सगळं परत येत होतं.

मध्येच संगणकाची मेमरी संपत आली. आपल्या मशीनला चालतं, म्हणून ते बंद न करताच मी जादा मेमरी जोडली. ती आधी निजलेली असते. कमांड टाइप करून जागी करावी लागते. त्यालाच ऑनलाइन करणं म्हणतात. मी पुटपुटलो, “आता हिला ऑनलाइन करतो.”

चिटणीस कडाडले, “काका, बाईंना ‘हिला’ म्हणता? वर ऑनलाइन टाकता? परमिशन कुठाय?” आणि खटकन स्विचच बंद केला!

अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग सेव्ह व्हायचं होतं. गेलं.

वर म्हणतात कसे, “क्या काका, बाई हैं ना, फिर से बोल देंगी.”

बाई काठी टेकत उठल्या. “दम लागतो रे. पुन्हा नाही जमायचं.”

चिटणीस, शब्द कळला नाही तर विचारायला तोंड नव्हतं? आणि मंडळी, या माणसाच्या हाती मंडळाची किल्ली अजून ठेवायची?