बोटभर चुकलेली भोकं

दारव्ह्याच्या आमच्या मेकॅनिकला एक खोड आहे. माझी गाडी साध्या ऑइल बदलायला नेली, तरी तो आधी बॉनेट उघडतो आणि डोळे मिटून पुढच्या डाव्या चाकावरचा पत्रा बोटांनी चाचपतो. मला वाटायचं, कामाआधी देवाचं नाव घेत असेल.

परवा मी दोन्ही शॉकअपची डोकी एकमेकांना जखडणारी लोखंडी दांडी नेली. वळणावर गाडी कमी झुलते म्हणे. उजवीकडचे बोल्ट झटक्यात बसले. डावीकडची भोकं मात्र बोटभर चुकली.

"जोर लावून बसवा ना," मी म्हणालो.

त्यानं पाना खाली ठेवला. "दांडी बरोबर हाये, भाऊ. गाडीच वाकडी हाये. पहिल्या मालकानं पुलावरून खाली घातलती. मीच ठोकून, वेल्डिंग मारून सरळ केली."

चार वर्षं बायको-लेकरांना याच गाडीतून उमरखेडला नेतोय मी!

"मग मले सांगतलं काहून नाही?" मी ओरडलोच.

तो शांतपणे हात पुसत होता. "गाडी घेतली त्या दिवशी तुम्ही मले पेढे घेऊन आलते. पेढा खाल्ल्यावर कसं सांगू? तवापासून दरवेळी वेल्डिंग तपासून राह्यलो ना."