यादीबाहेरचे मिस्त्री

मिस्त्री विहिरीवरच्या बिघडलेल्या मोटारीला लगेच हात लावत नसत. आधी ती सुरू करायला सांगत, मग लांब पेचकसाचं टोक तिच्या अंगावर टेकवून मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. शेताचा मालक घाईत असे. मिस्त्री बोट वर करून त्याला गप्प करत. "पहिले तिचं ऐकून घेऊ दे. खोलाले काय, कोनीबी खोलते."

बोरी अरबच्या पलीकडे नदीकाठी त्यांचं गाव होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथं धरणाचं पाणी आहे. गावात मुसलमानांची दोन-चार घरं, त्यातलं एक त्यांचं. एसटीच्या थांब्याजवळ पत्र्याचं दुकान. स्वतःची शेती गुंठाभरही नव्हती, पण आसपासच्या प्रत्येक विहिरीची खोली त्यांना पाठ होती. गाव त्यांना मिस्त्री म्हणे, मी चाचा म्हणायचे. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. धरणामुळे गावातल्या लोकांचं काय होईल, याची पाहणी करणाऱ्या एका संस्थेत नुकतीच लागले होते. घरोघरी जाऊन सोळा पानांचा फॉर्म भरायचा, एवढंच मला शिकवलं होतं.

पहिल्या दिवशी एकाही घरात धड उत्तर मिळालं नाही. दुपारी मी त्यांच्या दुकानासमोर हिरमुसून बसले होते. मिस्त्रींनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"बेटा, घरात शिरल्याबरोबर तू काय करतं?"

"फॉर्म काढते."

"तिथंच चुकून राह्यली. कागद बाहीर आला का मानूस आत जाते."

दुसऱ्या दिवसापासून ते दुकानाला कुलूप घालून माझ्यासोबत हिंडू लागले. त्यांचा नियम असा, की चहा होईपर्यंत मी पिशवी उघडायची नाही. तोवर ते घरच्यांना मोटारीचं, म्हशीचं, लेकीच्या बाळंतपणाचं विचारत. माणूस मोकळा झाला की माझ्याकडे वळून हळूच म्हणत, "आता काढ." तीन आठवडे आम्ही असे फिरलो. माझ्या फॉर्मांतून माणसं दिसू लागली ती तेव्हापासून.

सकूबाईचा फॉर्म मात्र मी दहा मिनिटांत उरकला. विधवा बाई, जमीन नाही, घर कुडाचं. नुकसानीच्या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं. मिस्त्रींनी ते वाचून दाखवायला सांगितलं आणि निरंक म्हणजे काय तेही विचारलं.

"काहीच नाही," मी म्हटलं.

"चाल माह्यासंगं."

मार्चचं ऊन होतं. त्यांनी मला नदीच्या आटलेल्या पात्रात नेलं. वाळूत खड्डे करून, त्यात शेणखत भरून सकूबाईनं डांगरं, म्हणजे खरबुजं, लावली होती. सभोवती काट्यांचं कुंपण. ती एकेका वेलाला डब्यानं पाणी घालत होती. आम्हाला पाहून तिनं पदर सावरला आणि एक डांगर फोडायला घेतलं.

"हे कोनाच्या नावावर हाय?" मिस्त्रींनी मला विचारलं.

"सरकारच्या."

"मंग डांगरं सरकारनं लावली का? धरन भरलं का बुडल ते कोनाचं?"

मी वाळूत बसून पान फाडलं आणि नव्यानं लिहिलं. त्या आठवड्यात आम्ही काठाकाठानं जाऊन गावातल्या सगळ्याच डांगरवाड्या लिहून काढल्या.

पुढे शाळेच्या पटांगणात जनसुनावणी झाली. मंचावरच्या साहेबांनी नेमकी तीच पानं उचलली. नदीपात्रातली लागवड नियमात बसत नाही, मग तिची नोंद कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. सकूबाई बायकांमध्ये खाली मान घालून बसली होती. तेव्हा मागून मिस्त्री उठले.

"साहेब, नियम मले नाही समजत. पन या बाईनं दोन पोरी या वाळूवर मोठ्या केल्या. तुमी नाही लिवलं त ते झालंच नाही का?"

साहेबांनी पानं खाली ठेवली. नोंद राहिली.

आमच्या फॉर्मांवरून बाधित कुटुंबांची यादी लागली तेव्हा मी मुद्दाम गावात गेले. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सकूबाईचं नाव सापडलं. मग मी मिस्त्रींचं शोधू लागले. वरून खाली, खालून वर. नव्हतं. छापताना राहिलं असेल असं आधी वाटलं. मग आठवलं. मी त्यांचा फॉर्म भरलाच नव्हता. तीन आठवडे तो माणूस माझ्या शेजारी बसला होता, मी एकदाही त्याच्यासमोर बसले नव्हते.

दुकानात ते एका पंपाचं झाकण घासत होते. त्यांना आधीच कळलं होतं.

"चाचा, माझ्यामुळे झालं हे. तुम्ही आठवण का नाही दिली?"

"मले वाटलं, तू शेवटी भरशील. मंग तू निंगूनच गेलती." ते झाकण घासत राहिले. मग म्हणाले, "तू मले घरचं समजलं बेटा. घरच्याले कोन मोजते?"

माझं ओझं कमी व्हावं म्हणून ते तसं बोलले. ते कमी झालं नाही.

त्यांच्या नावानं मी हरकत दाखल केली. चूक माझी आहे, असं सहीनिशी लिहून दिलं. 'पाहणीच्या वेळची नोंद आढळून येत नाही,' एवढं उत्तर आलं. पुन्हा गेले, तर मुदत संपली होती. गाव उठलं. इतरांना नव्या गावठाणात प्लॉट मिळाले. मिस्त्री चाचींना घेऊन बाभुळगावला भाच्याकडे गेले.

दोन वर्षांनी मी त्यांना भेटले. भाच्याचं दुचाकींचं गॅरेज होतं. तो मामाला मान देई, काम देत नसे. मिस्त्री कोपऱ्यात स्टुलावर बसलेले. मी पिशवीतून कोरा फॉर्म काढला.

"याचा आता उपयोग नाही चाचा. पण मला भरायचाय."

त्यांनी हात पुसले आणि नीट बसले. नाव, वय, धंदा, विहिरी किती सांभाळल्या, सगळं सावकाश सांगितलं. 'प्रकल्पामुळे काय गमावले' हा प्रश्न वाचला तेव्हा मात्र त्यांनी रस्त्याकडे तोंड वळवलं.

"तिकडं मी रस्त्यानं चाललो का वावरावावरातून हाक येत जाय. मिस्त्री होऽ, इकडून येजा. मोटार बिघडली असो का नसो. इथं मले कोनी हाक नाही मारत. हे लिवता येते का?"

त्याला रकाना नव्हता. मी समासात लिहिलं, त्यांच्याच शब्दांत, आणि वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि खाली उर्दूत सही केली.

त्याच पावसाळ्यात ते गेले. मला कळलं तोवर आठ दिवस होऊन गेले होते. चाचींना भेटायला गेले, तर त्यांनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आता माझ्या हाताखाली पाहणीला मुलं-मुली येतात. परवा मुकुटबनकडच्या एका गावात रस्त्याच्या कामाची पाहणी होती. बसायला समाजमंदिर उघडून देणारी बाई दाराशी उभी होती. नव्या मुलीला मी म्हटलं, पहिला फॉर्म यांचा भर. बाई संकोचून हसली.

"माह्यं कायले लिवता? म्या त नुसती चावी आनून देल्ली."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं.

"लिही," मी म्हटलं.