मधल्या रेषेचे नाना

नाना हातात दोरी घेतल्याशिवाय कबड्डीच्या मैदानात पाऊल ठेवत नसत. मासेमारीच्या जाळ्याची, मिठाने कडक झालेली ती जुनी दोरी ताणून तिच्या कडेने ते पांढरी फक्की सोडीत. त्यानंतर चपला घालून कोणी आत आले, तर तो गावचा सरपंच असला तरी त्याला ऐकावे लागे, "पाय उचला."

खाडीपलीकडच्या गावाशी आमची लढत दर वर्षी देवीच्या जत्रेला, दुपारी होई. मधली रेषा आखताना दोरीचे एक टोक नाना धरीत, दुसरे पलीकडच्या गावचे पांडबा. ही रेषा नानांनी एकट्याने कधीही आखली नाही. "अर्धी त्यांची हाय," ते म्हणत.

मी न्यायालयातला निवृत्त कारकून. पत्रे लिहितो म्हणून नाना मला अर्जदार म्हणत. "काय अर्जदार, आज कोणावर?"

मग जिल्ह्याच्या संघटनेने गटांची फेररचना केली. शेजार पाहून नव्हे, प्रायोजक पाहून. आम्हाला न्हावा शेव्याकडच्या कंटेनरवाल्या मालकांच्या संघांबरोबर वरच्या गटात बसवले. पलीकडच्या गावाला प्रायोजक नाही, म्हणून ते खालच्या गटात. आम्हाला वर नेले ते आमच्या संघासाठी नव्हे, आमच्या खेळाडूंसाठी, हे हंगाम संपण्याआधीच उघड झाले. एका मालकाने पाच चांगले खेळाडू पगारावर उचलले. करार असा, की त्याच्या परवानगीवाचून त्यांनी गावच्या मातीत उतरायचे नाही. जत्रेची लढत बंद पडली.

मी संघटनेला अकरा पत्रे धाडली. संघटनेच्या घटनेत स्पष्ट कलम आहे: गावाच्या ना-हरकतीशिवाय खेळाडू हलवता येत नाही. अखेरीस उत्तर आले, सोबत पाच ना-हरकत दाखल्यांच्या प्रती. पाचही दाखल्यांवर गावच्या कबड्डी मंडळाचे प्रमुख म्हणून सही नानांची.

मी तडक त्यांच्या ओटीवर गेलो. "नाना, हे तुम्ही केलेत?"

"व्हय."

"लढत बुडाली, याची जाणीव आहे?"

"एकाची बायको पोटुशी हाय, एकाचा बाप अंथरुणाला. मालक पगार देतो. मी काय देऊ, फक्की?" मग म्हणाले, "तुमच्या कलमानं पोरांना बांधून ठेवू व्हय?"

मी प्रती घडी करून खिशात घातल्या. राग होता, आणि तो कोणावर काढावा हे कळेना.

जत्रेच्या दुपारी नानांनी तरीही मैदान आखले. मधली रेषा तेवढी सोडली. खाडीतून होडी आली. तिच्यातून एकटे पांडबा उतरले, दोरीचे टोक धरून उभे राहिले. दोघांनी रेषा पूर्ण केली. खेळायला कोणीही नव्हते. सूर्य कलेपर्यंत आम्ही तिघे कडेला बसून राहिलो. उठताना नाना म्हणाले, "अर्जदार, लिवा संघटनेला. मैदान तयार हाय म्हणून."

पुढच्या जत्रेपर्यंत नाना राहिले नाहीत. पत्र मी लिहिले. त्यात एकही कलम घातले नाही. उत्तर नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तेच पुन्हा धाडतो: मैदान तयार आहे. खेळाडू पाठवावेत.