वरून पाणी सोडलंय

पाण्याला भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण पाण्याला भिऊन दर शुक्रवारी न चुकता पाण्यावर जाणारा माणूस जगात एकच, आणि तो म्हणजे माझ्या साडूचे थोरले बंधू. सगळे त्यांना दादा म्हणत. औंढ्याकडचे, पूर्णेकाठच्या गावचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही मस्कतला एका बांधकाम कंपनीत होतो. दादा स्टोअरला, मी ऑफिसात कारकून, आणि तिसरा कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरचा ड्रायव्हर, ज्याच्या पिकअपवर आमची सगळी चैन अवलंबून. तिघांपैकी एकालाही पोहता येत नव्हतं. तरी शुक्रवारची सुट्टी, जवळच समुद्र, आणि गावाकडं गेल्यावर सांगायला काहीतरी हवं, म्हणून चहाचा थर्मास, खिचडीचं पातेलं आणि चटई घेऊन आम्ही निघायचो. सर्वांत आधी तयार दादा, आणि गाडीत बसल्या बसल्या धास्ती सुरू करणारेही दादाच. वाळूत साप असतात, खेकडा झोपलेल्या माणसाचा कान नेतो, खाऱ्या हवेनं रक्त आटतं. एकदा पायाखाली शिंपला कुटकन मोडला, तर काही वर चढतंय का ते बघत दादा पाय मांडीवर घेऊन दुपारभर बसले. मी विचारलं, "दादा, एवढं भ्या वाटतं तर येता काहून?" तर म्हणाले, "पाव्हणं, तुमी दोघं हिकडं आन् मी खोलीवर. तुमचं काय झालं न् काय न्हाई, ह्या इचारानं तिथं जास्त भ्या वाटतं."

पण त्यांची खरी भीती वेगळीच होती. दादांच्या गावाच्या वर धरण. पाणी सोडायचं झालं की भोंगा वाजतो आणि नदीतली माणसं, म्हशी, धुणी, सगळं काठाकडं पळतं. पाणी चढतं ते कुणीतरी सोडल्यामुळेच, हे दादांच्या हाडात मुरलेलं. पहिल्याच शुक्रवारी जेवताना लाट चटईला येऊन टेकली आणि नेमका त्याच वेळी दूर कुठल्याशा जहाजाचा भोंगा वाजला. दादा पातेल्यासकट उठले.

"उठा, वरून पाणी सोडलंय."

"वरून म्हंजे कुठून, दादा?" ड्रायव्हर घास न थांबवता म्हणाला. "वर तर इराण हाये."

"मंग त्यायनंच सोडलं असंल."

मी मॅट्रिकला भूगोलात बरा होतो. म्हणालो, "दादा, ह्याला भरती म्हणतात."

"कशाची? पोलिसाची?"

दादांचा दोष नव्हता. आमच्या हिंगोलीत भरती म्हटलं की पोरं मैदानावर पळायला लागतात. मग मी कांद्याची पृथ्वी केली, लिंबाचा चंद्र केला आणि खिचडी निवेपर्यंत एकाला दुसऱ्याभोवती फिरवलं. दादांनी सगळं ऐकून घेतलं, चंद्र खिचडीवर पिळला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "चांद लई लांब हाये, पाव्हणं. सोडणारा हितंच जवळ कुठंतरी हाये." त्या दिवशी अंगावर काटा आला तो माझ्याच.

तरी भरतीतला जाणकार म्हणून माझा जो बोलबाला झाला, तोच मला भोवला. एका शुक्रवारी जेवणानंतर पाणी मागं मागं जाताना आम्ही पाहिलं. पुढच्या शुक्रवारी गेलो तर आतला मोठा खडक उघडा, आणि तिथवर चालत जाता येईल अशी ओली वाळू. भरतीची वेळ रोज पुढं सरकते, हे माझ्या कांदा-लिंबात आलंच नव्हतं. ती वाशीमच्या एस.टी.सारखी ठरल्या वेळी येते-जाते, अशी माझी समजूत. मागच्या खेपेला जेवणानंतर पाणी उतरलं, म्हणजे आजही उतरणारच. दादा "नका जाऊ, पाव्हणं" म्हणत असताना मी टॉवेल खांद्यावर टाकून खडकावर गेलो आणि मस्त आडवा झालो.

जाग आली ती पाठ भिजल्यामुळं. चारी बाजूंनी पाणी. मघाची वाळू नव्हतीच. काठावरची दोन माणसं हात हलवत होती आणि फार लहान दिसत होती. ओरडायला गेलो तर आवाज फुटेना. प्रत्येक लाट आधीच्यापेक्षा जरा वर यायची आणि जाताना पायाखालचं शेवाळ चाटून जायची. दारात तांदूळ निवडत बसलेली आई दिसायला लागली, आणि तिला हे कोण सांगणार, एवढंच मनात येत राहिलं. तेवढ्यात बघतो तर दादा पाण्यात. लुंगी डोक्याला गुंडाळलेली, डोळे गच्च मिटलेले, तोंडात नागनाथाचं नाव. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. आता मात्र माझा आवाज फुटला. "डावीकडं, दादा, डावीकडं," कारण मिटल्या डोळ्यांनी ते सरळ इराणकडं निघाले होते. कसेबसे खडकाला येऊन धडकले, वर चढले आणि माझं मनगट धरून बसले. त्यांचे दात वाजत होते.

"आता भिऊ नको. मी आलो."

दादा मला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होते.

"दादा, पण परत कसं जायचं?"

"ते न्हाई माहीत. तू एकटाच भिऊन राहिला होता, म्हणून आलो."

मग आम्ही दोघं मिळून भ्यालो. खरं सांगतो, निम्मं निम्मं झाल्यावर ते जरा पेलवलं. शेवटी ड्रायव्हरनं सामान बांधायचे सगळे दोर एकमेकांना गाठले, एक टोक पिकअपला बांधलं, दुसरं कमरेला, आणि नाकातोंडात पाणी घेत आला. "एकाला न्यायला निघालो तं दोन झाले," तो धापा टाकत म्हणाला. "अजून थांबलो असतो तं सारी कंपनीच हितं भेटली असती." दोराला धरून आम्ही काठाला लागलो. दादांनी वाटेत डोळे उघडले नाहीत, आणि माझं मनगट सोडलं ते खोलीवर पोचल्यावर.

पुढं वर्षभरानं दादांचा करार संपला आणि ते गावी परतले ते कायमचे. त्यानंतर मी आणि ड्रायव्हर एकदाच समुद्रावर गेलो. पाणी शांत होतं. सापांचा विषय निघाला नाही, जेवताना कुणी कुणाला उठवलं नाही. जरा वेळानं ड्रायव्हर चुळबुळ करायला लागला.

"चला भाऊ, मले भ्या वाटून राहिलं."

"कशाचं?"

"कोणीच भिऊन न्हाई राहिलं की."

मलाही तेच वाटत होतं. पातेल्यात खिचडी अर्धीअधिक तशीच होती. आम्ही झाकण लावलं आणि उजेड असतानाच परत निघालो.