पासवर्डचं वाण

माझी भाची टीव्हीवर दिसणार होती! माझ्या नणंदेची मुलगी, येलहंक्याच्या गल्लीत दुधाचे क्रेट मांडून त्यांनाच स्टंप म्हणणारी पोरगी, मुलींच्या वीस षटकांच्या स्पर्धेत लेगस्पिन टाकणार होती, आणि आम्ही ते सर्जापूर रोडवरच्या आमच्या हॉलमध्ये बसून बघणार होतो. डोकं दुखतंय अशी चक्क थाप मारून मी ऑफिसातून पळाले. घरी आले तर सासूबाई ठेवणीतली इरकल नेसून सोफ्याच्या मधोमध बसलेल्या.

"आई, तुम्ही तिला बघणार आहात. ती तुम्हाला नाही बघणार," मी म्हटलं.

"सरी, सरी, कळलं. म्हणून काय गबाळ्यासारखं बसू?"

त्यांचं बरोबरच होतं. नणंद आणि तिचा नवरा नोकरीला, त्यामुळे पोरीला इतकी वर्षं पहाटेच्या बसने कोचिंगला नेणाऱ्या सासूबाईच, तेव्हा त्या येलहंक्यालाच राहायच्या. मैदानाबाहेरच्या बाकावर शाल गुंडाळून त्या बसायच्या. लोक म्हणायचे, तुमच्या नातीचा चेंडू काय वळतो हो! सासूबाई मान डोलवायच्या, पण तेवढ्या लांबून त्यांना फक्त एक पांढरा ठिपका दिसायचा. वळलेला चेंडू त्यांनी एकदाही धड पाहिलेला नव्हता. आज मोठ्या पडद्यावर, सावकाश फिरवून दाखवणार होते. एवढ्यासाठीच आदल्या दिवशी त्या चष्म्याच्या काड्या घट्ट करून आल्या होत्या.

आता सामना दाखवणाऱ्या ॲपच्या अकाउंटबद्दल. अकाउंट माझं. पासवर्ड भाचीचं लाडाचं नाव आणि पुढे तिच्या जर्सीचा आकडा. तो येलहंक्याला नणंदेकडे होता आणि पुण्याला माझ्या भावाकडे. नवऱ्याला हे पहिल्यापासून पटत नव्हतं. हा माणूस रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला थांबतो, मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकतात. "कंपनीने स्पष्ट लिहिलंय, एका घरापुरतं," तो म्हणायचा. मी विचारायचे, मग तुझी सख्खी बहीण काय परक्या घरची? पण यंदा भाचीची संघात निवड झाली आणि त्याला नवीनच मुद्दा सापडला. लोक पैसे भरून बघतात, म्हणून पोरींना मानधन मिळतं. आपणच फुकट वाटत सुटलो तर? मला मुद्दा टोचला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्यासमोर कबूल करण्यात काय मजा! "तत्त्वज्ञान पुरे, रिमोट दे," मी म्हटलं.

रिमोट घेतला, सामना लावला, आणि पडद्यावर पाटी आली. या अकाउंटवर ठरलेल्या मर्यादेइतक्या स्क्रीन आधीच सुरू आहेत, कृपया दुसरीकडची बंद करा.

मी पुन्हा लावलं. पुन्हा तीच पाटी. नणंद एक, भाऊ फार तर दोन. मग बाकीचे कोण? मी पुण्याची, माझा आवाज चढायला वेळ लागत नाही. "कोण शिरलंय माझ्या अकाउंटमध्ये?" मी ओरडले.

"गर्दी झाली असेल," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"कसली गर्दी?"

"वाण दिलं की मी यंदा."

मला आधी काही कळेचना. मग सगळं उलगडलं. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे जोरात होतं. आमच्या सोसायटीतल्या बायका, येलहंक्याच्या जुन्या शेजारणी, मारतहळ्ळीच्या भजनी मंडळातल्या, सगळ्या येतात. दरवर्षी सासूबाई वाट्या, चाळण्या, डबे लुटतात. यंदा त्यांच्या मनात आलं, स्टीलच्या वाट्या कुणाकडे नाहीत? उपयोगाचं काहीतरी द्यावं. मग हळदकुंकू लावायचं, हातावर तीळगूळ ठेवायचा आणि जरा वाकून कानात पासवर्ड सांगायचा! एकीएकीचा फोन घेऊन माझा ईमेलही त्यांनी स्वतः टाकून दिला होता. आणि मी त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये, ताटात तीळगूळ भरून फिरत होते.

"आई! अहो, असं कुणालाही देतात का?"

"कुणालाही कुठं? तुझा भाऊ वर्षात एकदा येतोय. खालची ती बेळगावची रोज माझ्या गोळ्या आणून देतीय. घरचं कोण, सांग बघू."

नवरा मात्र खुशीत आला होता, कारण आता आम्ही दोघीही चुकीच्या होतो. "सगळ्यांना एकदम बाहेर काढायचं बटन असतं," त्याने सांगितलं. मी फोनवर ते शोधलं, अंगठा वर धरला. आणि सासूबाईंनी माझं मनगट पकडलं. दिलेलं वाण परत घेतेस? सुवासिनींच्या हातातून? त्यांचा चेहरा असा झाला होता की माझा अंगठा खाली जाईना. "मग मी सरळ नवीन अकाउंट घेतो," नवरा म्हणाला आणि कार्ड घेऊन बसला. त्याचा ओटीपी काही केल्या येईना. आयुष्यभर नियमाने वागलेला माणूस फोन हातात धरून फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसला होता, आणि तिकडे सामना सुरू झालेला.

एवढ्यात खालून आरडाओरडा ऐकू आला. टाळ्या, शिट्ट्या, कुणीतरी डबा वाजवत होतं. पाठोपाठ फोन. बेळगावची शेजारीण. "अक्का, नात आली की ओ बोलिंगला! बघताय न्हवं?"

आम्ही पळालो. लिफ्ट कुठल्यातरी मजल्यावर अडकली होती, म्हणून जिन्याने. सासूबाईंचे गुडघे, इरकलीच्या निऱ्या, एका हाताला मी, दुसऱ्या हाताला नवरा. "स्वल्प हळू रे," म्हणत होत्या आणि स्वतःच सगळ्यात पुढे रेटत होत्या. जिन्यात असतानाच दुसरा आवाज आला. हा पहिल्यापेक्षा केवढातरी मोठा होता, अख्खी बिल्डिंग उठून उभी राहिल्यासारखा. विकेट! मी जागच्या जागी उडी मारली. सासूबाईंनी कठडा घट्ट धरला आणि म्हणाल्या, "गेली काय गं? माझी बघायची राहिली."

शेजारणीला काय काय सुनवायचं ते मी जिन्यात जुळवत आले होते. दार उघडलं आणि ते सगळं माझ्या तोंडातच राहिलं. हळदीकुंकवाला आलेल्या निम्म्या बायका तिथे होत्या. मराठी, कन्नड, तेलुगू, आणि सगळ्या आमच्या पोरीचं लाडाचं नाव घेऊन ओरडत होत्या. साहजिकच, पासवर्डच तो! आमच्या घरातून आम्हाला बाहेर ढकलणारी सगळी गर्दी आमच्याच मुलीला बघत होती, निम्मी इथे आणि बाकीची आपापल्या घरी. राग कुठल्या कुठे गेला. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

"तुम्ही वर बघत असाल म्हणून बोलावलं न्हाई ओ," शेजारीण म्हणाली आणि तिने सोफ्याची मधली जागा रिकामी करून दिली.

पण कप्तानाने भाचीला पुढे षटक दिलंच नाही. सासूबाईंना ती दिसली ती सीमारेषेवर, टोपी सारखी करताना, एकदा चेंडू अडवताना. आमचा संघ जिंकला. जल्लोष झाला, कुणीतरी चिवड्याचं पातेलं आणलं. "अक्का, आता निवांत बघा," असं म्हणून शेजारणीने रिमोट घेतला आणि सामना मागे, बरोबर त्या विकेटपाशी नेला. सासूबाईंनी पदराने चष्मा पुसला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाची होती, टीमच्या बसमधून, आवाज आनंदाने फुटलेला. "मामी, पडली विकेट! पाहिलीस? पण मला माझीच विकेट बघता येईना गं. फार स्क्रीन सुरू आहेत म्हणतंय!"

मी स्पीकर लावला होता, सगळ्यांनी ऐकलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरा भिंतीला टेकून उभा होता. सासूबाई पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर भाची धावत यायच्या बेतात थांबलेली, हात मागे, चेंडू बोटांत. एवढ्या जवळून.

"काढ सगळ्यांना," सासूबाई म्हणाल्या.

"आई, एकच चेंडू आहे. तुम्ही बघून घ्या, मग काढते."

"आधी पोरगी बघू दे. काढ म्हणते ना. आपल्यालाही."

मी बटन दाबलं. भाची पडद्यावरून गेली, टीव्ही काळा झाला. सासूबाईंनी लगेच स्वतःचा फोन तोंडाजवळ धरला आणि हळदीकुंकवाच्या ग्रुपवर बोलून पाठवलं, "कुणी आत येऊ नका, स्वल्प थांबा. आमची पोरगी बघतीय." शेजारीण हळूच म्हणाली, "उद्याच आमचं आमचं घेतो ओ अक्का. पोरीचीच कमाई हाय ती." दोघीतिघींनी माना डोलावल्या.

मग सगळ्या माझ्या फोनभोवती वाकल्या. पलीकडे बसचा आवाज, त्यातून समालोचकाचा बारीक आवाज, स्टंप उडाल्याचा खट्, आणि नंतर काहीच नाही. पुन्हा तोच खट्. ती पुन्हा लावून बघत होती.

"दिसला?" सासूबाईंनी विचारलं.

"अज्जी," ती म्हणाली. "अज्जी, खरंच वळतो गं."

"कुठनं कुठं? सांग मला," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.